जाळीची दुहेरी शिवण

ओढ्याची तब्येत बघायची तर त्याला जीभ दाखव असं म्हणता येत नाही. वरून नितळ दिसणारं पाणी कधी कधी आतून पार मेलेलं असतं, आणि गढूळ पाण्याच्या पोटात भरला संसार असतो. म्हणून दगड उलटायचे आणि खाली कोण राहतं ते बघायचं. धाकटी हेच काम एकोणीस वर्षं करत होती. पालिकेच्या पाणी खात्यात तिच्या हुद्द्याचं नाव दीड ओळीचं होतं, पण ते घेण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता. गावभर ती ‘किडेवाल्या बाई’ होती. घरी ती धाकटी, कारण थोरली जाऊ बावीस वर्षं तिला त्याच नावाने हाक मारत आली होती आणि थोरलीने ठेवलेलं नाव बदलायची कुणाची टाप नव्हती.

कामाची पद्धत ऐकायला सोपी आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, लांब दांड्याची जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची आणि घड्याळ लावून तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा. दगडाखालची मंडळी वाहत जाळीत येतात. ती पांढऱ्या थाळीत ओतायची आणि ओळखायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. ओळखण्यासाठी तीन याद्या होत्या. तिसऱ्या यादीत लाल अळ्या आणि जळवा. यांना कसलंही पाणी चालतं, घाणीत तर ही मंडळी बाळसं धरतात. दुसऱ्या यादीतले जेमतेम निभावून नेणारे. पहिल्या यादीतले मात्र नाजूक. पाणी जरा बिघडलं की ही घराणी नामशेष. त्यातला सगळ्यात मानाचा म्हणजे दगडाला चपटा चिकटून राहणारा, दोन शेपट्यांचा किडा. खात्यात त्याला सगळे ‘दोनशेपट्या’ म्हणत. दोनशेपट्या दिसला की धाकटीला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

गावातला ओढा चार वर्षं शेवटच्या वर्गात बसला होता. आता पालिकेने ठरवलं होतं की त्याला पाइपात घालायचं आणि वरून रस्ता न्यायचा. नियम मात्र एक होता: यंदाच्या तपासणीत पहिल्या यादीतला एक जरी जीव सापडला, तर ओढा जिवंत धरायचा, आणि जिवंत ओढा पाइपात घालता येत नाही. धाकटीचा जीव यात दोन्हीकडून अडकला होता. ओढ्यावर तिची माया होतीच. पण ओढ्याच्या काठावर, अगदी पाण्याला पाठ लावून, थोरलीचं शिवणकामाचं दुकान उभं होतं. रस्ता आला की दुकान जाणार. थोरले दीर गेल्यापासून त्या दहा बाय बाराच्या खोलीने आणि एका काळ्या मशीनने थोरलीला ताठ उभं ठेवलं होतं. ती कुणापुढे हात पसरणाऱ्यातली नव्हती, आणि या वयात नवी जागा, नवी गिऱ्हाइकं जमवणंही तिच्याने होणार नव्हतं.

दोघी जावांचं सख्य कसं होतं ते सांगायचं तर टिकल्यांची गोष्ट सांगावी लागेल. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा शाळेच्या नाचाचे कपडे थोरलीकडे शिवायला आले होते. मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर मोरपंखी टिकल्यांचा मोठा डबा ठेवलेला. कोपर लागलं आणि अख्खा डबा ओढ्यात. नेमकी तेव्हा धाकटी खाली पाण्यात उभी. ती जी तडकली ती चार गिऱ्हाइकांदेखत थोरलीला नाही नाही ते बोलली. मी इथे जन्म घालवतेय ओढा जगवायला आणि आमच्याच घरातली माणसं त्यात प्लास्टिक ओततात, कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, वगैरे वगैरे. थोरली एक शब्द उलटून बोलली नाही, हे जास्त वाईट. दीड महिना अबोला चालला. निरोपांची ने-आण करून धाकटीच्या नवऱ्याच्या चपला झिजल्या. शेवटी एकदा जाळी फाटली आणि धाकटीने ती नवऱ्याच्या हाती दुकानात पाठवली. दुसऱ्या दिवशी जाळी शिवून, घडी करून परत आली. तेव्हापासून जाळ्या थोरलीच शिवायची, आणि टिकल्यांचा विषय दोघींनीही काढला नाही.

यंदा हंगामाच्या सुरुवातीला थोरलीने जाळीच्या कडेला जाड कापडाची पट्टी लावून तिच्यावर दुहेरी शिवण मारली होती. “आता हत्ती धरलास तरी फाटायची नाही,” असं वर सांगितलं होतं.

तपासणीच्या दिवशी खात्याची गाडी एकच दिवस मिळाली, म्हणून धाकटीने सकाळी वरच्या डोंगरातला झरा उरकला आणि दुपारी गावातला ओढा घेतला. एका पाण्यातली जाळी दुसऱ्या पाण्यात न्यायची तर आधी उलटी करून धुवायची आणि पूर्ण एक दिवस उन्हात वाळवायची, हा पहिला नियम. तो कचेरीच्या भिंतीवर तिच्याच अक्षरात चिकटवलेला होता. पण दुसऱ्या जाळीचा दांडा तुटलेला, गाडी फक्त आजच. तिने जाळी झऱ्यावरच दोनदा खळबळून काढली, झटकली आणि म्हटलं, झालं. एकोणीस वर्षांत ज्याने एकदाही असं केलं नसेल त्याने तिला पहिला दगड मारावा.

दुपारी दुकानामागच्या पायरीवर थाळी ठेवून ती बघत बसली. लाल अळ्या, लाल अळ्या, एक जळू, पुन्हा लाल अळ्या. आणि मग कोपऱ्यात, चपटा, पिवळसर, जरा मलूल, पण पाय हलवत असलेला एक जण. तिने भिंगाखाली धरला. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून वर खिडकीकडे बघून थोरलीला हाक मारली. थोरली मशीन सोडून खाली आली, चष्मा पुसला, वाकली आणि शेपट्या मोजल्या. दोन. पुन्हा मोजल्या. दोनच.

थोरली पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. दुकान वाचलं, एवढं तिला कळलं होतं. धाकटीने त्याच संध्याकाळी अहवाल दिला: ओढा जिवंत. अहवाल द्यायला घाईघाईत निघताना जाळीचा एक कोपरा उसवलेला दिसला होता, म्हणून जाळी ती दुकानातच ठेवून गेली होती.

चौथ्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास थोरली तिच्या दारात उभी. ती अशी न सांगता कधी येत नसे. आत आली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागदाची पुडी ठेवली आणि उलगडली. आत तीन वाळलेले किडे होते. चपटे. प्रत्येकाला दोन शेपट्या. बाजूला चिमूटभर वाळू.

“कोपरा शिवायला म्हणून सकाळी शिवण उसवली,” थोरली म्हणाली. “ही मंडळी आतून निघाली. पट्टीची दुमड आणि माझी दुहेरी शिवण, आत खिसाच झाला होता. आणि वाळू बघ, धाकटे. पांढरी. आपल्या ओढ्यात पांढरी वाळू कधी बघितलीस?”

धाकटीने वाळू बोटावर घेतली. गावातल्या ओढ्याचा तळ काळा होता. पांढरी वाळू वरच्या झऱ्याची. थाळीतला तो मलूल दोनशेपट्या झऱ्यावरून तिच्याच जाळीत बसून, तिच्याच गाडीतून, फुकट प्रवास करत आला होता. तीन दिवस जो तो तिला अभिनंदन म्हणत होता, ते सगळं आता तिच्या कानात वाजायला लागलं.

एक क्षण, खोटं कशाला सांगा, तिच्या मनात आलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. अहवाल गेलाय, शिक्का बसलाय. पुडी चुलीत गेली तर कुणाला काय कळणार. तिने हे मोठ्याने बोलायचं टाळलं, पण तिचे डोळे बोललेच असावेत.

“जाऊबाई,” ती कसंबसं म्हणाली, “हे तुम्ही सांगितलं नसतंत तर कुणालाच कळलं नसतं.”

“मला कळलं होतं ना.”

“दुकान जाईल तुमचं.”

“माप चुकलं तर कपडा उसवायचा असतो. गिऱ्हाइकाच्या अंगावर तसाच चढवायचा नाही.” थोरलीने पुडीची पुन्हा घडी घातली आणि धाकटीच्या हातात दिली. “तुझं सगळ्यांना खरं वाटतं. ते जाता कामा नये. बस, एवढंच सांगायला आले.” चहासुद्धा न घेता ती गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटी पुडी घेऊन मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली. साहेब निवृत्तीला आले होते, आणि त्यांना फायलींपेक्षा ओल्या बुटांची भीती जास्त होती. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, अहवाल रद्द केला आणि म्हणाले की चूक तुम्ही स्वतः येऊन सांगितलीत, ही मोठी गोष्ट, शुक्रवारी नवी कोरी जाळी घेऊन पुन्हा नमुना घेऊ, मी जातीने येतो. मग त्यांनी काठावरच्या दुकानांची यादी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं की तुमच्याच आडनावाच्या या कोण. धाकटीने सांगितलं, माझ्या थोरल्या जाऊबाई.

साहेबांनी कपाळ चोळलं. मग त्यांनी जे सांगितलं त्यात चूक काही नव्हती. एकदा झऱ्यातला किडा ओढ्यात निघाला. तपासणाऱ्या बाईंच्या घरचं दुकान तिथे. आता नव्या जाळीत दहा दोनशेपट्ये मिळाले तरी पालिकेच्या समितीतले लोक म्हणतील, बाईंनी बाटलीत घालून आणले असतील. “माझा विश्वास आहे हो तुमच्यावर,” साहेब म्हणाले. “पण किड्याच्या कपाळावर पत्ता लिहिलेला नसतो.”

शुक्रवारी सकाळी दोघं ओढ्यावर गेले. नवी जाळी, नवी थाळी, धाकटीच्या बुटांचे तळवेसुद्धा साहेबांनी उलटे करून पाहिले. स्वतः मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावरच्या दगडावर बगळ्यासारखे एका पायावर उभे राहिले. थोरलीच्या दुकानाची मागची खिडकी बंद होती. बघवत नसेल बिचारीला, असं धाकटीला वाटलं आणि तिने मान खाली घातली.

पहिल्या तीन मिनिटांत लाल अळ्या. दुसऱ्या जागी लाल अळ्या आणि सहा जळवा, त्यातली एक दगडावरून पाय घसरलेल्या साहेबांच्या पोटरीला. तिसऱ्या जागी दुसऱ्या यादीतले चार-दोन. धाकटी लिहीत गेली. चौथी आणि शेवटची जागा दुकानाच्या भिंतीखाली होती, जिथे पाणी दगडांवरून जरा खळाळत उतरतं; त्या दिवशी दोनशेपट्या सापडल्यावर ही जागा घ्यायची राहूनच गेली होती. तिने जाळी धरली, तीन मिनिटं तळ ढवळला आणि जाळी थाळीत उलटी केली.

थाळीत कचरा पडला. काळी रेती, कुजकी पानं, आणि मोरपंखी रंगाचं काहीतरी चमचम करणारं. साहेबांनी वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं, लोक काय काय टाकतात बघा म्हणाले. धाकटीला दोन वर्षांपूर्वीचा डबा आठवला, आणि आपलं तेव्हाचं बोलणंही. तिने टिकल्या काढायला चिमटा पुढे केला.

टिकल्या चालायला लागल्या.

धाकटीने चिमटा तसाच हवेत धरला. बोटाच्या पेराएवढी एक नळी होती, काळ्या रेतीच्या कणांची, आणि तिच्यावर खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या मोरपंखी टिकल्या. नळीच्या तोंडातून एक डोकं आणि सहा पाय बाहेर आले होते आणि आपलं घर पाठीवर ओढत थाळीच्या कडेकडे निघाले होते. तिच्या मागे आणखी एक नळी निघाली, मग आणखी एक.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“घरकरी,” धाकटी म्हणाली. “पहिल्या यादीतला. तोंडातून धागा काढतो आणि तळाला जे मिळेल ते शिवून शिवून घर करतो. रेती, काडी, काही पण.”

साहेबांनी भिंग मागून घेतलं. प्रत्येक टिकलीच्या मध्ये सुईचं भोक दिसत होतं. या आल्या कुठून, हे त्यांनी विचारल्यावर धाकटीला डब्याची गोष्ट सांगावी लागली, कोपर लागल्यापासून ते दीड महिन्याच्या अबोल्यापर्यंत. आपण काय काय बोललो तेही तिने गाळलं नाही. साहेब ऐकता ऐकता दोन्ही पाय पाण्यात टाकून उभे राहिले, बूट भिजले तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“म्हणजे या टिकल्या वरच्या झऱ्यात नाहीत.”

“कुठल्याच पाण्यात नाहीत, साहेब. डबा इथेच पडला.”

साहेब हसायला लागले. “बाई, मी म्हणालो होतो, किड्याच्या कपाळावर पत्ता नसतो. हा तर पाठीवर घेऊन हिंडतोय.”

त्यांनी मोजणी स्वतः केली. अकरा घरकरी, त्यातल्या नऊ जणांची घरं टिकल्यांची. आणि अशी शिवण कुणी हाताने करून आणली असेल, असं म्हणायची सोय नव्हती. असलं बारीक काम थोरलीलासुद्धा जमलं नसतं. फोटो काढले गेले. काठावर बसून, मांडीवर फळी घेऊन साहेबांनी अहवालावर सही केली: ओढा जिवंत. पाइपाची फाइल बंद. आता ओढ्यात टिकल्या ओता असा याचा अर्थ नव्हे, एवढं मात्र धाकटीने साहेबांना बजावलं, कारण लोक कशाचाही अर्थ काढतात.

अहवालाच्या शेवटी ‘साहाय्य’ असा एक रकाना असतो. एकोणीस वर्षांत धाकटीने तो कधी भरला नव्हता. त्या दिवशी तिने तिथे थोरलीचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: जाळी शिवली, आणि उसवली. साहेबांनी वाचलं आणि खोडलं नाही.

ओल्या बुटांनीच ती पायऱ्या चढून दुकानाच्या मागच्या दाराशी गेली. दार लोटलं आणि उंबऱ्यातच थांबली.

दुकान रिकामं होतं. म्हणजे सामान होतं, पण बांधलेलं. काळं मशीन गोणपाटात गुंडाळून सुतळीने आवळलेलं. धाग्यांच्या रिळांची फळी मोकळी, खाली तीन खोकी. भिंतीवरचा आरसा चादरीत. कात्र्या, मापाच्या पट्ट्या, गिऱ्हाइकांची वही, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. आणि या सगळ्याच्या मध्ये स्टुलावर थोरली, मांडीवर हात ठेवून, गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखी बसलेली.

धाकटीने एका दमात सगळं सांगितलं. टिकल्या, घरकरी, सही, फाइल बंद. थोरली ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “त्या डब्याने?”

“त्याच डब्याने. मी तुम्हाला त्यावरून एवढं बोलले, जाऊबाई. चार माणसांत बोलले.”

“बोललीस खरी.”

“हे सामान कधी बांधलंत?”

थोरलीने मशीनकडे बघितलं. “शिवण उसवली ना, त्याच दिवशी. सकाळी किडे निघाले. दिवसभर बांधलं, संध्याकाळी तुझ्याकडे आले.”

“सांगायच्या आधी बांधलंत?”

“आधीच. दुकान डोळ्यांसमोर मांडलेलं असतं तर माझं तोंड उघडलं नसतं. मी काय संत आहे?” ती जरा हसली. “बांधून टाकलं, मग बोलायला मोकळी झाले.”

धाकटी तिथेच फरशीवर बसली आणि रडली. एकोणीस वर्षं ती पाण्यात उभी राहून खरं काय ते सांगत आली होती, आणि त्याचा तिला पगार मिळत होता. हिने मात्र आपलं सगळं सुतळीने बांधून ठेवलं आणि मग खरं सांगायला चालत आली, तेही तिच्यासाठी, तिचा शब्द खोटा पडू नये म्हणून. तिने थोरलीचा हात धरला आणि म्हणाली की जाऊबाई, मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं थोरली जाऊ म्हणजे डोक्यावरचं ओझं. तुम्ही माझ्या वाट्याला आलात हे माझं नशीब. हे मला आधीच म्हणायला हवं होतं.

“हवंच होतं,” थोरली म्हणाली. तिचाही आवाज भिजला होता, म्हणून तिने तो लगेच खडसावल्यासारखा केला. “आता रडून फरशी ओली करू नकोस, आधीच बुटांनी केलीयेस. ऊठ आणि मशीन सोड. सोमवारी तीन जणांचे कपडे द्यायचेत मला.”

धाकटीने बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि सुतळी सोडवायला बसली. थोरलीने प्रत्येक गाठ दुहेरी मारली होती. एकही कापायची नाही, सुतळी पुन्हा उपयोगी पडते, अशी सक्त ताकीद होती. म्हणून सगळ्या गाठी नखांनी सोडवाव्या लागल्या, आणि त्याला चांगला तासभर लागला.